रासायनिक खते

रासायनिक खते : नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) व पालाश (पोटॅशियम) ही मूलद्रव्ये मुळांना शोषता येतील अशा रूपात पुरवणारी, कारखान्यात तयार केलेली द्रव्ये.

सर्वांत जास्त खटपट नत्रासाठी करावी लागते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे. पण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने असे जखडलेले असतात की बहुतेक पिकांना त्याचा थेट काडीचाही उपयोग होत नाही. हा नायट्रोजन हायड्रोजनशी जोडून अमोनिया करण्याची रीत फ्रिट्स हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली. कार्ल बॉश यांनी ती कारखान्यात उतरवली व १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. लोखंडाचा उत्प्रेरक, ४००–५००° से. तापमान आणि वातावरणाच्या शेकडोपट दाब एवढे करूनही एका फेरीत थोड्याच वायूचा अमोनिया होतो. उरलेला पुन्हा फिरवतात. हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासून मिळवतात, म्हणून वायू महागला की खतही महागते.

हायड्रोजन मिळवताना निघणारा कार्बन डाय-ऑक्साइड वाया जात नाही. अमोनियाशी त्याचा संयोग होऊन अमोनियम कार्बामेट बनते व त्यातून पाणी निघून गेले की युरिया उरतो. सुमारे १३३° से.ला वितळणारा हा युरिया उंच मनोऱ्याच्या माथ्यावरून फवारतात. खालून येणाऱ्या हवेत थेंब पडता पडताच गोठतात आणि तळाशी पांढरे दाणे जमतात. तापवणे लांबले तर बाययुरेट हे पिकाला घातक संयुग वाढते. पानांवर फवारायच्या युरियात ते विशेष नडते.

स्फुरद खडकात असते, पण अपाटाइट खनिज पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यावर गंधकाम्लाची क्रिया करून सुपर फॉस्फेट बनवतात. जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये याचे पेटंट घेतले. हे खत ढिगात मुरवावे लागते. जास्त आम्ल वापरून फॉस्फोरिक आम्ल काढतात व त्यात अमोनिया मिसळून डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) करतात. या वाटेने साचणारे जिप्समचे डोंगर हे या उद्योगाचे जुने दुखणे आहे.

पालाशाचे काम त्यामानाने सोपे : पोटॅशियम क्लोराइड मुळातच विद्राव्य असते, ते खाणीतून काढून मिठापासून वेगळे केले की झाले.

पोत्यावरील आकड्यांनी मात्र फसायला होते. डीएपीवरील १८:४६:० (नत्र, स्फुरद व पालाश यांचे टक्के) मधले ४६ हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने असते. हे ऑक्साइड पोत्यात नसतेच. ती जुन्या रासायनिक पृथक्करणाची रूढी आहे. प्रत्यक्ष फॉस्फरस भरतो सुमारे २० टक्के.