'सगळे आले नाहीत' म्हणजे नेमके किती आले?

बैठकीला निघालो होतो, तेवढ्यात फोनवर निरोप आला: 'सगळे आले नाहीत.' कुणीच आलेले नाही असा अर्थ घेऊन मी परत फिरलो. निरोप धाडणाऱ्याला म्हणायचे होते की एकदोघे यायचे आहेत. संध्याकाळी त्याने ऐकवलेच, 'मराठी कळत नाही का?' कळते की! तिन्ही शब्द कळले होते. कोणता शब्द कोणाला आधी जोडायचा, तिथे आमचे फाटले.

शाळेतले 2 + 3 × 4 आठवा. आधी बेरीज केली तर 20, आधी गुणाकार केला तर 14. गणितात त्यासाठी कंस असतात. वाक्यातही असतात, फक्त ते ऐकू येत नाहीत.

समजा, सदस्य तीन आहेत. दोघे हजर, एक गैरहजर. 'सगळे' आणि 'आले' आधी जोडले तर 'सगळे आले' हे विधान खोटे ठरते, आणि त्यावर नकार चढवला की पूर्ण वाक्य खरे होते. आता उलट करू. आधी 'आले'ला नकार जोडून 'न आलेला' हा गुण बनवू आणि मग 'सगळे' लावू. तिघांपैकी प्रत्येक जण न आलेला हवा, पण दोघे तर समोर बसलेत. वाक्य खोटे! शब्द तेच, खोली तीच, माणसे तीच.

मराठीचे व्याकरण काही वेळा हे कंस दाखवते. 'जुने पुस्तकांचे कपाट' म्हटले की कपाट जुने, 'जुन्या पुस्तकांचे कपाट' म्हटले की पुस्तके जुनी. विशेषणाचे रूपच सांगते की ते कोणाशी बांधले आहे. पण कपाटाला विभक्ती लावून पाहा: 'जुन्या पुस्तकांच्या कपाटात'. 'कपाटात'मुळे 'जुने'चेही 'जुन्या' होते, दोन्ही रचना एकसारख्या दिसू लागतात आणि कंस पुसले जातात. 'लाल', 'सुंदर' अशी न बदलणारी विशेषणे तर कधीच साक्ष देत नाहीत. 'सुंदर मुलीची आई' यात सुंदर कोण?

वाक्याचा अर्थ त्यातल्या शब्दांच्या अर्थांवर आणि त्यांच्या जोडणीवर ठरतो, हे तत्त्व बहुधा गॉटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञाच्या नावे सांगतात. ('हात टेकले' यासारखे वाक्प्रचार त्याला जुमानत नाहीत, ते सोडा.) फ्रेगेची खरी चतुराई पुढची. 'आली' हा शब्द त्याच्या दृष्टीने अपुरा आहे, त्यात एक रिकामी जागा आहे. जागेत मीरा घातली की उत्तर मिळते: खरे किंवा खोटे. म्हणजे 'आली' हे गणितातले फल झाले, x घ्या आणि उत्तर द्या.

मग 'प्रत्येक सदस्य आला' याचे काय करायचे? 'प्रत्येक सदस्य' नावाचा माणूस नसतो, जागेत घालणार कोणाला? इथे गाडी उलटी फिरवायची. 'प्रत्येक सदस्य' हेच फल मानायचे आणि त्याला 'आला' खाऊ घालायचे. ते तपासते: सदस्यांचा संच आलेल्यांच्या संचात पूर्ण मावतो का? 'प्रत्येक' एकटा घेतला तर तो 'सदस्य' घेऊन हे फल तयार करून देतो, म्हणजे फल देणारे फल.

अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यू यांनी 1970च्या सुमारास हे टोकाला नेले. नैसर्गिक भाषा आणि तर्कशास्त्रज्ञांच्या कृत्रिम भाषा यांत सैद्धांतिकदृष्ट्या महत्त्वाचा फरक नाही, असे त्यांचे म्हणणे. रचनेच्या प्रत्येक नियमाला अर्थाचा एक नियम जोडीला हवा, ही त्यांची अट. 'मीरा' आणि 'प्रत्येक सदस्य' वाक्यात एकाच जागी बसतात, म्हणून त्यांचे अर्थही एकाच जातीचे हवेत. तेव्हा 'मीरा' म्हणजे मीरा ही व्यक्ती राहिली नाही, मीरेला लागू पडणाऱ्या सगळ्या गुणांचा संच झाला! पहिल्यांदा वाचले तेव्हा माझेही डोके गरगरले होते. माँटेग्यू 1971 मध्ये वारले. भाषाशास्त्रज्ञांना हे पचेल अशा रूपात देण्याचे काम मुख्यतः भाषाशास्त्रज्ञ बार्बरा पार्टी यांनी केले.

शब्दाचा अर्थ आधी की जोडणी आधी, हा वाद आपल्याकडे जुना आहे. शब्द आधी आपापले अर्थ सांगतात आणि मग त्यांचा अन्वय लागतो, असे कुमारिल भट्ट या मीमांसकाचे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या परंपरेतल्या पंडिताचे, मत. शब्द मुळातच अन्वित, म्हणजे एकमेकांशी जोडलेलाच, अर्थ सांगतात, असे प्रभाकर या दुसऱ्या मीमांसकाचे. हे अभिमानाने सांगावे. 'संस्कृत ही संगणकाची सर्वोत्तम भाषा, नासाचे शिक्कामोर्तब' हा निरोप मात्र पुढे ढकलू नये. त्याचे मूळ नासाशी संलग्न संशोधक रिक ब्रिग्ज यांच्या 1985च्या एका लेखात आहे. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थ उकलण्याची पद्धत त्यांनी संगणकातल्या ज्ञानाच्या मांडणीशी ताडून पाहिली. नासाने शिक्का वगैरे काही मारलेला नाही.

एक गाठ अजून उरते. 'आले नाहीत'मध्ये नकार क्रियापदाला लगटून आहे, अनेकवचनही त्याने घेतले आहे, तरी एका अर्थात तो सबंध वाक्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. कसा? ऐकू येणाऱ्या रचनेमागे दुसरी न ऐकू येणारी रचना असते आणि 'सगळे'सारखे शब्द तिथे जागा बदलतात, असे भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट मे यांच्या 1977च्या प्रबंधापासून एक पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाला अशी अदृश्य हलवाहलव मुळीच मान्य नाही.

निरोप धाडणारा आता 'अजून दोघे यायचेत' असे लिहितो.