पेडल-मांडणी, गिटारची

पेडल-मांडणी, गिटारची : इलेक्ट्रिक गिटार आणि अँप्लिफायर (पुढे अँप) यांच्यामध्ये जोडलेल्या, पायाने चालू-बंद करायच्या इफेक्ट उपकरणांचा क्रम, त्यांच्या पातळ्या आणि वीजजोडणी ठरवण्याची रीत. या नोंदीत तिच्या एकाच अंगाचा विचार केला आहे: सोलोच्या वेळी गिटारचा नाद भरीव राहून आवाज इतर वाद्यांच्या वर कसा येतो. ट्यूनर (सूर जुळवणारा), कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार सपाट करणारा), वाह (पायाने नादाचा रंग बदलणारा), ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शन (स्वर कमी-अधिक फाडणारे), ईक्यू (स्वरपट्ट्या उचलणारा-दाबणारा), कोरस किंवा फेझर (नाद लहरता करणारे), डिले (प्रतिध्वनी देणारा) आणि शेवटी रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा देणारा) हा रूढ क्रम बहुतेक वादकांना पाठ असतो. तो निर्माण का झाला आणि कुठे मोडावा, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

उगमाचा प्रश्न : स्वतंत्र डब्यात मिळणारा पहिला गिटार-इफेक्ट म्हणून डीआर्मंड कंपनीच्या ट्रेमोलो, म्हणजे आवाज लहरत कमी-जास्त करणाऱ्या, यंत्राचा उल्लेख केला जातो. ते १९४० च्या दशकातले, बहुधा त्याच्या मध्यावरचे. त्याला आजच्या अर्थाने पेडल म्हणावे का, यावर एकमत नाही. सोलोच्या दृष्टीने महत्त्वाची परंपरा फझ (अतिशय खरखरीत, फाटलेला नाद) आणि डिस्टॉर्शनची असून तिचा आरंभ मोडक्या उपकरणांतून झाला, एवढे निश्चित. १९५१ मध्ये अमेरिकेतील मेम्फिसमधील एका ध्वनिमुद्रणात गिटारवादक विली किझार्ट यांचा इजा झालेला अँप तसाच वापरला गेला. १९५८ मध्ये गिटारवादक लिंक रे यांनी स्पीकरच्या कागदाला भोके पाडून खरखरीत नाद मिळवला. या दोन्ही घटनांना डिस्टॉर्शनचा उगम मानणारे लेखक आहेत. परंतु पेडल या वस्तूचा इतिहास पाहायचा, तर नॅशव्हिलमधील घटनेला अधिक वजन द्यावे लागते. गायक मार्टी रॉबिन्स यांच्या एका गाण्याच्या मुद्रणात, साधारण १९६० च्या अखेरीस, ग्रेडी मार्टिन यांची बेस गिटार मिक्सरच्या बिघडलेल्या चॅनेलमधून गेली आणि फाटलेल्या स्वराचा सोलो तयार झाला. ध्वनिअभियंता ग्लेन स्नॉडी यांनी तो टाकून न देता ठेवला. पुढे रेव्हिस हॉब्ज यांच्या साहाय्याने त्यांनी तोच परिणाम ट्रान्झिस्टरच्या मंडलात बांधला आणि गिब्सन कंपनीने तो १९६२ मध्ये मायेस्ट्रो फझ-टोन या नावाने विक्रीस आणला. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी तो वापरल्यावर मागणी वाढली. मेम्फिसमधला अपघात त्या मुद्रणापुरता राहिला. नॅशव्हिलमधला अपघात दुसऱ्या वादकाला विकत घेता येईल असा डबा होऊन बाहेर पडला, म्हणून येथे त्याला अग्रक्रम दिला आहे.

बूस्टरची, म्हणजे गिटारचा विद्युतसंकेत नुसता वाढवणाऱ्या उपकरणाची, वाट थोडी वेगळी आहे. डॅलस रेंजमास्टर हा ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर वाढवणारा) १९६० च्या दशकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये आला. तो अँपच्या डोक्यावर ठेवायचा असे, पायाखाली नव्हे. एलपीबी-१ या बूस्टरची हकिगत इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचे संस्थापक माइक मॅथ्यूज यांनी स्वतःच सांगितलेली आहे. बॉब मायर यांनी स्वर लांबवणाऱ्या एका सस्टेन यंत्रासाठी गिटारचा क्षीण संकेत आधी वाढवणारा छोटासा भाग जोडला होता. मॅथ्यूज यांनी तो भागच वेगळा काढून विकायचे ठरवले. वर्ष १९६८. एका ट्रान्झिस्टरचे हे उपकरण पुढल्या साऱ्या सोलो-बूस्टरांचा पूर्वज मानायला हरकत नाही. पायाखाली ओळीने मांडता येतील अशा एकाच मापाच्या पेडलांची प्रथा १९७७ पासून बॉसच्या छोट्या पेडलांनी, त्यांतही ओडी-१ ने, रुजवली. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर टीएस-८०८ त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी आला.

बूस्टर आधी की नंतर : सोलोचा आवाज वर येत नाही, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे सापडते, म्हणून थोडे विस्ताराने. साध्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये वाढवलेला संकेत दोन उलटसुलट जोडलेल्या डायोडांपाशी छाटला जातो. सिलिकॉन डायोड साधारण ०.६ व्होल्टला वाहू लागतो, त्यामुळे लाटेचे शिखर दोन्ही बाजूंना तेवढ्यावरच अडते. समजा, ०.०५ व्होल्टचा संकेत पेडलने ४० पट वाढवला. २ व्होल्ट व्हायला हवेत, मिळतात ०.६ च्या आसपास. आता डिस्टॉर्शनच्या आधी बूस्टर ठेवून मूळ संकेत दुप्पट केला, म्हणजे ६ डेसिबलने वाढवला. ४ व्होल्ट व्हायला हवेत, मिळतात पुन्हा ०.६ च्या आसपासच. लाट अधिक चौकोनी होते, वरचे स्वरांश वाढतात, स्वर अधिक काळ टिकतो. आवाज मात्र जवळजवळ तिथेच राहतो. तोच बूस्टर डिस्टॉर्शनच्या नंतर जोडला, तर छाटलेली लाट जशीच्या तशी दुप्पट उंच होते.

म्हणजे टिकाव हवा तर बूस्टर आधी, आवाज हवा तर नंतर. या नियमाला एक मोठा अपवाद आहे. अँपचा प्रीअँपच (संकेत वाढवणारा पहिला टप्पा; स्पीकर चालवणारा शेवटचा टप्पा तो पॉवर अँप) ताणून डिस्टॉर्शन घेतले असेल, तर साखळीत कुठेही ठेवलेला बूस्टर त्या प्रीअँपच्या आधीच पडतो आणि त्याचे काम पुन्हा छाटले जाते. अशा वेळी अँपच्या मागील सेंड-रिटर्न जोडणीत, म्हणजे प्रीअँप आणि पॉवर अँप यांच्या मध्ये, बूस्टर ठेवावा. पॉवर अँपही शिगेला पोचलेला असेल, तर तिथेही वाढ मिळत नाही. त्यावर एकच उपाय उरतो: रिदमचा, म्हणजे साथीच्या वादनाचा, आवाज खाली घेऊन सोलोसाठी जागा राखणे. मंचावर हा उपाय सर्वांत भरवशाचा ठरतो आणि नेमका तोच सर्वांत कमी पाळला जातो.

किती वाढवावे? ३ डेसिबल म्हणजे विद्युतशक्ती दुप्पट, तरी कानाला तो फरक बेताचा वाटतो. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला ढोबळमानाने १० डेसिबल लागतात. सोलोसाठी ३ ते ६ डेसिबल पुरतात. त्याहून अधिक दिले, तर सोलो संपून रिदमला परत येताना गाणे एकदम रिकामे वाटते.

मध्यपट्टी : बाराव्या घरापासून पुढे तिसऱ्या ते पहिल्या तारेवर वाजणाऱ्या सोलोचे मूळ स्वर साधारण ३९२ ते ११७५ हर्ट्झ या पट्ट्यात येतात. त्यांना ओळख देणारे वरचे स्वरांश ३ हजार हर्ट्झच्या आसपास असतात, आणि तिथे मानवी कानही विशेष तीक्ष्ण असतो. म्हणून नुसता आवाज वाढवण्यापेक्षा ईक्यूने ८०० ते १६०० हर्ट्झ थोडे उचलणे अधिक फळते. बॉस जीई-७ सारख्या सात पट्ट्यांच्या ईक्यूवर नेमक्या या दोन सरकपट्ट्या असतात. ट्यूब स्क्रीमर सोलोसाठी लोकप्रिय झाला तो याच कारणाने: सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग तो छाटणीच्या टप्प्यात कमी वाढवतो, परिणामी मध्यपट्टी पुढे येते. घरी एकट्याने वाजवताना मध्यपट्टी काढून टाकलेला नाद भव्य वाटतो. बँडमध्ये तो झांजा आणि बेसच्या मध्ये नाहीसा होतो. शिवाय हळू आवाजात कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवून दिले. हेडफोनवर रात्री बसवलेला सोलोचा नाद मंचावर जड पडतो, त्याचे कारण हेच. पातळ्या मंचाच्या आवाजातच ठरवाव्यात.

बफर आणि फझ : गिटारच्या पिकअपला, म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या वेटोळ्याला, केबलची धारिता (वीज साठवण्याचा गुण) झेपत नाही. केबलची धारिता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरली आणि पिकअपचे प्रवर्तकत्व ४ हेन्री मानले, तर ३ मीटर केबलवर पिकअपचे अनुनाद-शिखर (ज्या कंपनसंख्येला तो सर्वांत जोरात बोलतो ती जागा) सुमारे ४६०० हर्ट्झला येते, ६ मीटरवर ते ३२५० पर्यंत उतरते. पेडलबोर्डवरून अँपकडे जाणारी दुसरी केबल आणि मधल्या पॅच केबली त्यात भरच घालतात. सगळी पेडल ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना संकेत थेट पुढे सोडणारी, असतील आणि सगळी बंद असतील, तर ही पूर्ण लांबी पिकअपच्या गळ्यात पडते. साखळीच्या सुरुवातीला एक चांगला बफर (क्षीण संकेताला लांब केबल पेलण्याजोगा करणारे मंडल) असला की हा प्रश्न मिटतो. बॉसच्या छोट्या पेडलांत तो बंद अवस्थेतही चालू असतो.

फझ फेस मात्र या व्यवस्थेत बसत नाही. १९६६ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या या पेडलची प्रवेशबाधा (आत येणाऱ्या संकेताला होणारा विरोध) फार कमी असते. पिकअप आणि फझ यांची थेट गाठ पडली, तरच गिटारचा व्हॉल्यूम किंचित उतरवल्यावर फझ निवळून जवळजवळ स्वच्छ स्वर देतो. मध्ये बफर आला की ही किमया जाते आणि नाद कर्कश होतो. वाह आधी की फझ आधी, यावर वादकांत दोन पक्ष आहेत. गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी वाह आधी ठेवला. आजच्या अनेक वाह पेडलांत बफर असल्याने त्यांचा दाखला जसाच्या तसा लागू पडत नाही. अशी पेडल असतील, तर फझ सर्वांत पुढे ठेवणे इष्ट.

व्हॉल्यूम पेडल डिस्टॉर्शनच्या आधी ठेवल्यास गिटारवरच्या व्हॉल्यूमच्या बटणासारखे काम करते, म्हणजे गेन (डिस्टॉर्शनचे प्रमाण) कमी-जास्त होतो. नंतर ठेवल्यास केवळ आवाज. पहिल्या जागी २५० किलोओहमचे, बफरनंतर २५ किलोओहमचे वापरतात. डिले डिस्टॉर्शनच्या नंतरच हवा, नाहीतर प्रत्येक प्रतिध्वनी मूळ स्वराबरोबर छाटला जाऊन चिखल होतो. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एका मात्रेचा डिले ५०० मिलिसेकंदांचा येतो.

नाशिकमधील वापर : नाशिकच्या वादकाला एकच बोर्ड अगदी भिन्न जागी न्यावा लागतो. महाकवी कालिदास कलामंदिरासारख्या बंदिस्त सभागृहात भिंतीच रिव्हर्ब पुरवतात, तेथे पेडलचा रिव्हर्ब अर्ध्यावर आणला तरी चालतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या सुलाफेस्ट या संगीत महोत्सवासारख्या उघड्या मंचावर परतणारा आवाज जवळपास नसतो. तिथे थोडा डिले दिला नाही तर सोलो कोरडा पडतो. गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड मध्यपट्टी व्यापून बसलेले असतात, आणि मिरवणूक जवळून जात असेल तर नाशिक ढोलाचा घुमारा खालचा सगळा भाग गिळतो. अशा वेळी गिटारचा १०० हर्ट्झ खालचा भाग काढून टाकल्याने काहीच गमावत नाही, उलट अँप मोकळा होतो. ऑर्केस्ट्रात अँपऐवजी मल्टिइफेक्ट (अनेक इफेक्ट एकत्र असलेले यंत्र) थेट मिक्सरला जोडण्याची पद्धत असल्याने साउंडवाल्याला सोलोची वाढ आधी सांगणे गरजेचे असते. तो ऐन सोलोत मिक्सरवरचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) खाली ओढतो तो आकसाने नव्हे. अचानक वाढलेल्या पातळीपासून तो स्पीकर वाचवत असतो. साउंड चेकला सोलोच्या पातळीवर चार ओळी वाजवून दाखवल्या की हे टळते.

वीज आणि जोडणी : मांडवात रोषणाई, ध्वनियंत्रणा आणि वाद्ये पुष्कळदा एकाच वायरवरून किंवा जनरेटरवरून चालतात. डिमरची (दिव्यांचा उजेड कमी-जास्त करणाऱ्या यंत्राची) चरचर सिंगल कॉइल पिकअपमध्ये हवेतून शिरते, तर अर्थिंगमधला दोष ५० हर्ट्झच्या घुमण्यातून कळतो. गिटार हातात घेऊन उभ्याउभ्या गिरकी घेतल्यावर आवाज कमी-जास्त झाला, तर दोष पिकअपकडे; तसाच राहिला, तर जोडणीकडे. सोलोसाठी गेन वाढवला की हा सगळा गोंगाटही वाढतो, म्हणून नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे पेडल) डिस्टॉर्शननंतर आणि डिलेच्या आधी ठेवतात. डिलेनंतर ठेवल्यास तो प्रतिध्वनींची शेपटी कापतो. भाद्रपदातल्या दमट हवेत पॅच केबलचे जॅक काळवंडून खरखर करू लागतात. कार्यक्रमाआधी ते पुसून दोनतीनदा फिरवून बसवावेत. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट आणि मध्यभागी ऋण टोक लागते, पण जुन्या जर्मेनियम फझमध्ये ध्रुव उलटे असू शकतात आणि त्याला इतरांच्या साखळीतून वीज देणे धोक्याचे. डिजिटल डिलेला विलग, म्हणजे इतरांशी न जोडलेला, वीजपुरवठा द्यावा, अन्यथा त्याची किणकिण ओव्हरड्राइव्हमधून मोठी होऊन बाहेर पडते. साधे ओव्हरड्राइव्ह १० मिलिअँपिअरच्या आसपास भागते, डिजिटल डिलेला त्याच्या कितीतरी पट लागतात. अडॅप्टर घेताना ही बेरीज करूनच घ्यावी.