बाजारातला मागणारा आणि दीडशे वर्षांचा संशय

वऱ्हाडातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी दुकानांच्या ओळीतून चाललं की एक तक्रार हमखास कानावर येते: "मागणारे लय झाले, अन् ते आले की काही ना काही जातेच." कुणाचा मोबाईल गेलेला असतो, कुणाच्या गळ्यातली पोत तुटलेली असते, कापूस विकून आलेल्या माणसाचा खिसा कापलेला असतो. हे नुकसान खरं आहे आणि ज्याचं होतं त्याचं वर्षाचं गणित त्यात मोडतं. पण या एका तक्रारीत मागणं आणि चोरी या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. ही गाठ फार जुनी नाही. ती कधी आणि कशी बसली, ते आपल्याच भागाच्या इतिहासात सापडतं.

मागणारा माणूस पूर्वी गावाला परका नव्हता. सुगीत ज्वारी खळ्यावर आली की वासुदेव यायचा, नंदीबैलवाला यायचा, गोंधळी, पांगुळ, मसणजोगी आपापल्या दिवशी यायचे. बहुरूपी, म्हणजे आपल्याकडचा रायरंद, कधी खाकी वेश चढवून दारात उभा राहायचा आणि घरमालकावर खोटा खटला भरायचा. मुलं आधी घाबरायची, मग हसायची. सूपभर दाणे पडले की तो पुढच्या घरी. कोणत्या गावात कोणी मागायचं हेही बहुतेक ठरलेलं असे. या देण्याला कोणी उपकार समजत नसे. कला, आशीर्वाद, करमणूक किंवा बातमी यांचा तो मोबदला होता. टाकणकार तर मागायचेही नाहीत. दारोदार फिरून जात्याला टाकी लावणं हा त्यांचा धंदा. जातं बोथट झालं की बाया त्यांची वाट पाहायच्या.

याच वऱ्हाडात अमेरिकेतल्या यादवीच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाला सोन्याचा भाव आला. लगेच मागून रेल्वे आली. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली आणि १८७० मध्ये खामगावला फाटा गेला. खामगाव, कारंजा, अमरावतीच्या बाजारांत रोख पैसा खेळू लागला, अनोळखी माणसांची गर्दी वाढली, आणि गर्दीबरोबर खिसेकापूही आले. त्यांना आवर घालणं सरकारचं कामच होतं. पण इंग्रज अधिकाऱ्यांनी चोर शोधण्याऐवजी जाती मोजायला घेतल्या.

१८८२ मध्ये गंथॉर्प नावाच्या अधिकाऱ्याचं एक पुस्तक छापून आलं. मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत इथे राहणाऱ्या वा फिरणाऱ्या "गुन्हेगार जमातीं"वरच्या टिपणांचं ते पुस्तक. पोलिसांनी हाताशी ठेवावं, या हेतूने लिहिलेलं. फिरणं हाच संशयाचा पुरावा, ही त्यामागची समजूत. १९१६ साली आलेल्या रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या मोठ्या ग्रंथातही हीच नजर जागोजागी दिसते. टाकणकारांना पारध्यांचीच शाखा मानून, त्यांचा जात्याचा धंदा म्हणजे घरं हेरायचं निमित्त, असं सांगणारी वर्णनं त्या काळच्या सरकारी लिखाणात आहेत. जातं सुधारायला आलेल्या माणसाकडे घरातल्या बाईने कसं पाहावं, हे हळूहळू कचेरीतून ठरू लागलं.

या समजुतीला कायद्याचं बळ आधीच मिळालेलं होतं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा प्रथम उत्तर भारतात लागू झाला. १९११ च्या सुधारणेनंतर तो देशात कुठेही लावता येऊ लागला आणि १९२४ मध्ये नव्याने एकत्र करून आणला गेला. त्यात नोंद झालेल्या जमातीच्या माणसाला ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, गाव सोडायला परवाना लागे, बोटांचे ठसे घेतले जात. त्याने गुन्हा केला की नाही, हे कोणी विचारत नसे. त्या जातीत जन्मला, एवढं पुरे. आजही भटकी कुटुंबं नव्या गावी पालं टाकली की पोलीस ठाण्यात जाऊन मुसाफिरीची नोंद करतात. काही ठिकाणी ती नोंदच त्यांना वाचवते, पण ती करावी लागते यातच सारं आलं.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला आणि या जमाती "विमुक्त" झाल्या. सात वर्षांनी, १९५९ मध्ये, मुंबई राज्याचा भीक प्रतिबंधक कायदा आला. विदर्भ तेव्हा त्या द्विभाषिक राज्यातच होता. या कायद्यातली भिकेची व्याख्या मी अनेकदा वाचली आहे आणि दर वेळी अस्वस्थ झालो आहे. सार्वजनिक जागी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, खेळ करणं, वस्तू विकायला पुढे करणं, यांच्या निमित्ताने पैसे मागणं हे सगळं भिकेत मोडतं. पोलीस वॉरंटाशिवाय पकडू शकतात. पहिल्यांदा सापडल्यास एक ते तीन वर्षं, वारंवार सापडल्यास दहा वर्षांपर्यंत कोंडून ठेवता येतं. वासुदेव, रायरंद, डोंबारी, पिंगळा, सगळे एका ओळीत भिकारी ठरले. त्याच काळात सवयीच्या गुन्हेगारांचा कायदाही आला, म्हणजे जुनी हजेरी नव्या नावाने जिवंत राहिली.

बाकीच्या कसबांवरही एकेक करून कुलूप लागत गेलं. वैदूच्या औषधांना १९५४ च्या, औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या कायद्याने वेसण घातली, गारुड्याचा साप १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गेला, १९९८ मध्ये अस्वल आणि माकडांचे खेळ बंद झाले. प्राण्यांच्या बाजूने पाहिलं तर हे निर्णय योग्यच होते. पण अस्वल सुटलं तेव्हा दरवेशाने काय करावं, याचा विचार कागदावर फारसा उतरला नाही.

जातं गेलं, पिठाची गिरणी आली. आणि सगळ्यात मोठा बदल शेतात झाला, ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. विदर्भात ज्वारी मागे हटत गेली, सोयाबीन वाढत गेलं. मळणीयंत्र आलं, खळं गेलं. सूपभर ज्वारी घालणारा हात सूपभर सोयाबीन घालत नाही. ते थेट अडत्याकडे जातं. मग देणं उरलं ते नाण्यांत, आणि नाणं मागायला बाजारासारखी जागा नाही. खळ्यावरचा मागणारा असा दुकानांच्या ओळीत येऊन उभा राहिला. त्याला ओळखणारं गाव मागे सुटलं होतं.

अनोळखी झालेल्या माणसाचं काय होतं, ते आपण पाहिलं आहे. २०१२ मध्ये नागपुरात तीन बहुरूपींना जमावाने ठार मारलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, रविवारच्या बाजारात, मुलं पळवणारे समजून पाच जणांना ठार मारण्यात आलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले. मोबाईलवरून फिरलेल्या अफवेला तिथे जुना, तयार संशय मिळाला.

त्याच वर्षी ८ ऑगस्टला दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीत लागू असलेल्या याच मुंबई कायद्यातली भीक मागणं गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. २०२१ मध्ये रस्त्यांवरून भिकाऱ्यांना हटवा अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा माणसं पोटासाठी मागतात असं म्हणत न्यायालयाने ती मान्य केली नाही. महाराष्ट्रात मात्र १९५९ चा कायदा कायम आहे.

चोराला पकडायला या कायद्याची गरज कधीच नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पोत हिसकावण्यासाठी स्वतंत्र कलम, ३०४, आहे. मुलाला पळवून किंवा अपंग करून भीक मागायला लावणाऱ्यासाठी कलम १३९ आहे. खरी टोळी असेल तर तिच्यावर हे कलम लावायलाच हवं, तिथे दयामाया नको. बाजारात ज्या म्हाताऱ्या "दे वं माय" म्हणत बसतात, त्यांच्यातल्या कित्येकजणी निराधार योजनेच्या दीड हजार रुपयांची वाट पाहत आलेल्या असतात. आणि ज्या बाजारात खिसे कापले जातात, त्याच्या वसुलीचा लिलाव होतो, ठेकेदार प्रत्येक पालाकडून पावती फाडून पैसे घेतो, तरी संध्याकाळी सहानंतर भाजीच्या ओळीत अंधारच असतो.