ब्रुसेलोसिस (गुरांचा सांसर्गिक गर्भपात)

ब्रुसेला ॲबॉर्टस या जिवाणूमुळे गाई-म्हशींना होणारा संसर्गजन्य रोग. ‘सांसर्गिक गर्भपात’ आणि ‘बँगचा रोग’ ही त्याची जुनी नावे. शेळ्या-मेंढ्यांमध्ये याच कुळातला ब्रुसेला मेलिटेन्सिस आढळतो, तर डुकरांत ब्रुसेला सुइस. एकाच ठिकाणी पाळलेल्या जनावरांत हे जिवाणू अधूनमधून गुरांकडेही येतात. माणसालाही हा रोग होतो.

डोळ्यांना दिसणारे लक्षण जवळजवळ एकच: पाचव्या महिन्यानंतर गाभण गाय गाभडते. आदल्या दिवसापर्यंत तिचे खाणे, रवंथ, दूध यांत काही वावगे नसते. गर्भ पडला तरी जार (वार, म्हणजे गर्भाला पोसणारे आवरण) बहुधा अडकतो, आणि पडलाच तर जाडसर, चामड्यासारखा असतो. जार अडकल्याने गर्भाशयाला सूज येते, गाय पुन्हापुन्हा उलटते (गाभण न राहता परत माजावर येते) आणि दोन वेतांतले अंतर लांबते. वळूच्या वृषणाला सूज येते. जुन्या संसर्गात काही गुरांच्या गुडघ्यावर पाण्याने भरलेली मऊ गाठ दिसते.

या रोगाची खरी खोच पुढे आहे. बहुतेक गाई एकदाच गाभडतात. पुढच्या खेपेला वासरू पूर्ण दिवसांचे होते, गाय धडधाकट दिसते आणि रोग गेला असे वाटते. प्रत्यक्षात जिवाणू तिच्या कासेत व लसीका ग्रंथींत ठाण मांडून असतो, आणि दर विण्याच्या वेळी स्रावातून, एरवी दुधातून बाहेर पडत राहतो. गाभडलेली गाय बाजारात विकून मोकळे होणे हा कळपमालकाला सोपा वाटणारा मार्ग. रोग नव्या गोठ्यात पोहोचवण्याचा त्याहून खात्रीचा मार्ग मात्र शोधून सापडणार नाही.

गर्भाशयच का, याचे एक उत्तर एरिथ्रिटॉल या पदार्थात आहे. गाभण गाईच्या जारात आणि गर्भाभोवतीच्या द्रवात तो भरपूर असतो व जिवाणूच्या वाढीला पोषक ठरतो. त्यामुळे पडलेला गर्भ, जार आणि स्राव यांत जिवाणूंची संख्या अफाट असते. गोठ्यात गर्भ पडला की शेजारच्या गाई कुतूहलाने तो हुंगतात, चाटतात; गव्हाणीतला चारा आणि पाणीही त्या स्रावाने बरबटते. रोग मुख्यतः असा तोंडावाटे पसरतो. थंड, ओल्या, सावलीच्या जागी जिवाणू काही महिने तग धरतो. कडक उन्हात लवकर मरतो. नैसर्गिक संयोगातून प्रसार कमी होतो, पण बाधित वळूचे वीर्य कृत्रिम रेतनासाठी वापरणे धोक्याचे, कारण तेथे ते थेट गर्भाशयात सोडले जाते.

ब्रिटिश लष्करातील डॉक्टर डेव्हिड ब्रूस यांनी 1887 मध्ये माल्टातील तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून या कुळातला पहिला जिवाणू वेगळा केला. डेन्मार्कचे बर्नहार्ड बँग यांना 1897 मध्ये गाभडलेल्या गाईंत दुसरा सापडला. हे दोन्ही जवळचे नातलग आहेत हे अमेरिकेतील ॲलिस इव्हान्स यांनी 1918 मध्ये दाखवेपर्यंत माणसाचा ताप आणि गाईचा गर्भपात ही दोन वेगळी प्रकरणे मानली जात होती.

दिसायला निरोगी असलेली बाधित गाय ओळखायची तर चाचणीला पर्याय नाही. रोझ बेंगॉल चाचणीत पांढऱ्या फरशीवर रक्तद्रवाचा एक थेंब आणि गुलाबी रंगवलेल्या मृत जिवाणूंचा एक थेंब एकत्र करून चार मिनिटे हलवतात. मिश्रण फुटून कण दिसले तर संसर्गाचा संशय धरायचा आणि एलायझासारख्या, रक्तातली प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचणीने खात्री करायची. दूध वलय चाचणी तर सगळ्या कळपाच्या एकत्र दुधावर करता येते. निळसर रंगवलेले जिवाणू दुधात मिसळून ठेवले की बाधित दुधात वर आलेल्या सायीचे निळे कडे बनते आणि खालचे दूध पांढरे होते. निरोगी दुधात उलटे. एक फट मात्र उरतेच. बाधित गाईच्या पोटी जन्मलेल्या काही कालवडी पहिल्यांदा गाभडेपर्यंत किंवा विईपर्यंत प्रत्येक चाचणीत निर्दोष ठरतात.

गुरांवर उपचार करीत नाहीत. जिवाणू पेशींच्या आत दडत असल्याने औषध दिले तरी गाय रोगमुक्त झाल्याची हमी मिळत नाही. सारा भर लसीकरणावर आणि बाधित जनावरे कळपाबाहेर काढण्यावर असतो. एस-19 ही लस एका अपघाताची देणगी. 1923 मध्ये जर्सी गाईच्या दुधातून मिळवलेला तीव्र जिवाणू प्रयोगशाळेत वर्षभराहून अधिक काळ साध्या तापमानात पडून राहिला आणि त्याची मारकता गेली. त्यापासून बनलेली ही लस फक्त कालवडींना, वयाच्या पहिल्या काही महिन्यांत, आयुष्यात एकदाच देतात. मोठ्या वयात दिल्यास प्रतिपिंडे रेंगाळून चाचण्यांचा घोळ होतो, गाभण गाय गाभडू शकते. नरांना तर देतच नाहीत. आरबी-51 ही नंतरची लस नेहमीच्या चाचण्यांत अडथळा आणत नाही. भारतात 2019 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना लस दिली जाते.

लसीने रोगाचे प्रमाण खाली आणायचे आणि मग चाचणी करून बाधित जनावरांची कत्तल करायची, या वाटेने ऑस्ट्रेलिया 1989 मध्ये रोगमुक्त झाला. मालकाला भरपाई मिळाली नाही तर ही वाट बंद होते. बाधित गाई लपवल्या जातात. अमेरिकेत 1934 पासून मोहीम चालली, तरी यलोस्टोन परिसरातील रानगवे आणि एल्क हरणांत संसर्ग अजून टिकून आहे.

माणसाला चढउताराचा ताप, रात्रीचा घाम, सांधे व कंबरदुखी होते. कच्चे दूध हा ग्राहकांपुरता धोका. 72 अंश सेल्सिअसला 15 सेकंद पाश्चरीकरण केले की तो संपतो. जार हाताने ओढणारे पशुवैद्य आणि गोठ्यातली माणसे यांचा धोका वेगळा. त्यांनी हातमोजे घालायचे, पडलेला गर्भ व जार चुना टाकून खोल पुरायचे. या लशींतही जिवंत जिवाणू असल्याने टोचताना सुई स्वतःला लागल्यास संसर्ग होऊ शकतो. अशा वेळी लस कोणती होती हे डॉक्टरांना सांगावे लागते, कारण माणसाच्या उपचारात डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाबरोबर नेहमी वापरले जाणारे रिफाम्पिसिन हे दुसरे प्रतिजैविक आरबी-51 वर चालत नाही.