छप्पन्न गुणिले छप्पन्नमध्ये मावणारा प्राणी

बेल प्रयोगशाळेतील संशोधक लिऑन हार्मन यांनी १९७३ साली अब्राहम लिंकन यांचा चेहरा अवघ्या अडीचशेच्या आसपास करड्या चौकोनांत बसवून दाखवला. जवळून पाहिल्यास ते चित्र निव्वळ ठोकळ्यांचे वाटते; डोळे किलकिले केले किंवा चार पावले मागे सरले, की चौकोनांच्या टोकदार कडा पुसट होतात आणि लिंकन ओळखू येतात. तपशिलाची उरलेली उणीव मेंदू भरून काढतो, कारण तो चेहरा त्याच्या स्मृतीत आधीपासून असतो.

जो प्राणी कधी अस्तित्वातच नव्हता, त्याच्या बाबतीत ही सोय नसते, आणि म्हणूनच कल्पित प्राण्याचे पिक्सेल चित्र, म्हणजे पडद्यावरच्या छोट्या चौकोनी ठिपक्यांचे चित्र, काढणे हे ओळखीचा चेहरा काढण्यापेक्षा अवघड आहे, असे मला वाटते. चित्रकाराला ओळखीच्या खुणा उसन्या घ्याव्या लागतात. याचे उत्तम उदाहरण म्हणजे फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये गेम बॉय या खेळयंत्रासाठी आलेला पोकेमॉन हा खेळ. त्यातील पिकाचू हा प्राणी अत्सुको निशिदा यांनी साकारला. त्याच्या फुगीर गालांची कल्पना त्यांना खारीवरून सुचली. उभे कान आणि विजेसारखी नागमोडी शेपटी एवढ्यावर हा प्राणी, नुसती काळी छायाकृती दाखवली तरीही, इतरांपासून वेगळा काढता येतो.

गेम बॉयचा पडदा १६० गुणिले १४४ पिक्सेलांचा होता आणि त्यावर छटा फक्त चार. समोरून दिसणारा सर्वांत मोठा प्राणी ५६ गुणिले ५६ पिक्सेलांत बसवावा लागे. एवढ्या थोड्या जागेत गोलाई आणणे हेच खरे कौशल्य, कारण चौकोनांतून वक्र रेषा काढली की तिच्या पायऱ्या दिसतात. पायऱ्यांची लांबी क्रमाने घटत गेली, म्हणजे ४, ३, २, १, १ अशी, तर डोळा ती वक्ररेषा मानतो. मध्येच १ नंतर ३ आले, तर त्या जागी खोच पडल्यासारखी वाटते. खटकणाऱ्या कोपऱ्यात मधली करडी छटा ठेवली, तर कड मऊ होते. डोळ्यातला पांढरा ठिपका एका घराने सरकला, तरी प्राण्याची नजर बदलते.

चित्र साठवण्याचा हिशेबही तितकाच काटेकोर होता. चार छटांसाठी प्रत्येक पिक्सेलला २ बिट लागतात, म्हणून ८ गुणिले ८ पिक्सेलांची एक फरशी, म्हणजे चित्राचा एक तुकडा, १६ बाइटची होते आणि ४९ फरश्यांचे मोठे चित्र ७८४ बाइटचे. मूळ जपानी काडतुसाची, म्हणजे खेळ साठवलेल्या व यंत्रात बसवायच्या डबीची, क्षमता ५१२ किलोबाइट होती आणि तेवढ्यात संपूर्ण खेळ मावायचा होता. त्यामुळे चित्रे आकसून ठेवली जात: शेजारच्या पिक्सेलपासून काय बदलले तेवढेच नोंदवायचे आणि न बदललेल्या लांब पट्ट्यांची फक्त लांबी लिहायची. या पद्धतीत सलग रंगलेले पोट स्वस्त पडते, तर विखुरलेल्या ठिपक्यांची छाया महाग पडते.

खेळ जवळजवळ पूर्ण झाल्यावर चाचणीची साधने काढून टाकली गेली आणि सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली. तेथे खेळाचे प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी म्यू हा १५१वा प्राणी बसवला. समोरच्या चित्रांतील सर्वांत लहान आकार ४० गुणिले ४० पिक्सेलांचा होता, आणि न आकसता तेवढ्या एका चित्रालाच ४०० बाइट लागले असते.