व्हर्च्युअल मशीनमधल्या एक्सपीत होस्टचं फोल्डर का उघडत नाही? : पार्श्वभूमी

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या डीटीपीवाल्यांकडे आणि छापखान्यांत विंडोज एक्सपी अजून कामात आहे. पत्रिका, पावतीपुस्तकं, हँडबिलं यांच्या जुन्या फायली युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य लिपी-संकेताच्या) आधीच्या फॉन्टांत आहेत आणि पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरशिवाय त्या नीट उघडत नाहीत. म्हणून नव्या संगणकावर (हा होस्ट) व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणकातला संगणक, त्यात एक्सपी, आणि फायलींची ने-आण शेअर केलेल्या फोल्डरमधून.

ही ने-आण सहसा एसएमबी प्रोटोकॉलवर, म्हणजे नेटवर्कवरून फायली शेअर करायच्या ठरावीक पद्धतीवर चालते. तो 1980च्या दशकातला. युनिक्स-लिनक्ससाठी तेच काम करणारं सांबा हे सॉफ्टवेअर 1992 मध्ये आलं, विंडोजमध्ये व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, 2012 मध्ये तिसरी. एक्सपीला मात्र पहिलीच (एसएमबी-1) येते.

मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून. दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती. पण एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्ये संपलेला, त्यामुळे त्याचा पॅच (दुरुस्ती) आला तो साथ पसरल्यावर. 2017च्याच विंडोज 10च्या 1709 आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये एसएमबी-1चा सर्व्हर, म्हणजे आपलं फोल्डर दुसऱ्याला देणारा भाग, आपसूक येईनासा झाला. म्हणजे एक्सपीतून होस्टचं फोल्डर उघडणं बंद. उलट बाजूने, होस्टवरून एक्सपीचं फोल्डर, विंडोजच्या होम आणि प्रो आवृत्त्यांमध्ये तेव्हा उघडायचं. पण संगणक चालू असतानाचे एकूण 15 दिवस वापर झाला नाही, तर क्लायंटही (दुसऱ्याचं फोल्डर उघडणारा भाग) आपोआप निघून जायचा. लग्नसराई आटोपली की पत्रिकांचं काम थांबतं. पुढच्या हंगामात मशीन सुरू करावं, तर शेअर गायब. एसएमबी-1 बंद करणं योग्यच होतं. पण वापरणाऱ्याला ठळक सूचना न देता ते काढून टाकणं हंगामी धंद्यावर अन्याय करणारं होतं.

यावर अनेकांनी कंट्रोल पॅनलमधून एसएमबी-1 पुन्हा चालू केलं. हा उपाय घातक, कारण त्याने फक्त एक्सपी नव्हे, अख्खा होस्ट उघडा पडतो. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्स या सॉफ्टवेअरचं स्वतःचं शेअर्ड फोल्डर त्याहून कितीतरी बरं. एक्सपीत त्याचं गेस्ट ॲडिशन्स हे पूरक सॉफ्टवेअर टाकल्यावर ते एक्सपीच्या 'माय नेटवर्क प्लेसेस'मध्ये दिसतं, पण एसएमबीवर चालत नाही. एक्सपीचं नेटवर्क कार्ड मग बंदच ठेवता येतं.

पुढे 2019 मध्ये सांबानेही 4.11 आवृत्तीत एसएमबी-1 आपसूक चालू ठेवणं सोडलं. 2024च्या विंडोज 11 24एच2 पासून प्रो आवृत्तीत पासवर्डविना ठेवलेलं शेअरही आपसूक उघडत नाही; लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनवर सांबा चालवणाऱ्यांना सेटिंग बदलायची नसेल तर आता खातं आणि पासवर्ड लावावाच लागतो.