एक्सपिडिशन कॅम्पर : खुष्कीच्या प्रवासाचे फिरते घर

डांबर संपल्यावरही पुढे जाता यावे आणि आतल्या माणसांना आठवडा-दोन आठवडे पाणी, वीज, ऊब यांसाठी कोणाच्या दारात उभे राहावे लागू नये, अशा बेताने फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकच्या चासीवर बांधलेले घर म्हणजे एक्सपिडिशन कॅम्पर. नेहमीच्या मोटरहोमशी त्याची गल्लत केली जाते, पण दोहोंची आखणी मुळातच वेगळी आहे. मोटरहोम बहुधा मालवाहू व्हॅनच्या हलक्या चासीवर बसवलेले असते आणि रात्री ते वीज-पाण्याची सोय असलेल्या तळावर मुक्कामाला जाईल असे धरूनच ते बनते. एक्सपिडिशन कॅम्पर बांधणारा यातले काहीच गृहीत धरत नाही. सहारातली वाळू, मंगोलियाचा हिवाळा, बोलिव्हियाच्या पठारावरची विरळ हवा या सगळ्यांना एकच वाहन पुरले पाहिजे, आणि वाटेत बिघडले तर तिथल्याच गॅरेजात दुरुस्त झाले पाहिजे.

हे बांधणीकार ट्रक बनवत नाहीत. मर्सिडीज, एमएएन, इव्हेको, फोर्ड यांच्याकडून ते केबिनसह चासी घेतात आणि मागे घर बांधतात. आपल्याकडचे ट्रकमालक पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत: चासी कंपनीची, बॉडी दुसऱ्याकडून बांधून घेतलेली. फरक बॉडीच्या स्वभावात आहे. लाकूड आणि पत्र्याची मालवाहू बॉडी खड्ड्यात कुरकुरते, जराशी वाकते आणि पुन्हा जागेवर येते. तिचा सैलपणा हाच तिचा गुण. राहत्या घराला ही सूट नाही. त्याचा सांधा उघडला की धूळ आणि पाणी आत आलेच.

चासीचा पीळ

या धंद्यातली खरी कारागिरी पलंग-ओट्यात दिसत नाही. ती घर आणि चासी यांच्या मधल्या सांध्यात असते. ट्रकची चासी म्हणजे दोन लांब पोलादी पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, शिडीसारखी रचना. पुढचे डावे चाक दगडावर चढले आणि मागचे उजवे खड्ड्यात उतरले की ही शिडी पिळली जाते. तिने पिळले जावे हेच अपेक्षित असते, कारण पाटे आणि चासी मिळून वाकतात तेव्हाच चारही चाके जमिनीला टेकून राहतात. घराची पेटी मात्र सहा बाजूंनी बंद असते आणि बंद पेटी पिळायला फार कठीण. ती थेट चासीवर बोल्टने आवळली तर दोनांपैकी एक होते. एक तर पेटीचे कोपरे उकलतात, खिडक्या-दारांच्या चौकटी तिरक्या होतात. किंवा पेटीच चासीला वाकू देत नाही, मग चाक हवेत उचलले जाते आणि काही हजार किलोमीटरांनी बोल्टाशेजारच्या पोलादाला तडा जातो.

यावरचे उपाय थोडेच आहेत, पण प्रत्येक बांधणीकार त्यांत आपला हात दाखवतो. पेटीखाली वेगळी कडक चौकट घालून ती चासीला तीनच ठिकाणी टेकवायची, त्यातला एक टेकू फिरता ठेवायचा, ही एक पद्धत. तीन बिंदूंवर ठेवलेली वस्तू खालच्या पृष्ठभागाच्या पिळापासून मुक्त राहते, हे भूमितीचे साधे तत्त्व आहे. चार टेकूंची शंकरपाळ्यासारखी मांडणी याच तत्त्वावर चालते. तिसरी पद्धत स्प्रिंगांची: चौकट मागे पक्की आवळतात आणि पुढे जाड स्प्रिंगांनी दाबून धरतात, चासी पिळली की चौकट एका बाजूने काही सेंटिमीटर उचलली जाते आणि परत बसते. केबिनमधून घरात जायला वाट ठेवली असेल तर तिथे रबरी भाता लागतो, कारण केबिन आणि घर खडबडीत रस्त्यावर वेगवेगळे डोलत असतात. कॅम्पर पाहायला गेलेल्याने आतली सजावट बघण्याआधी वाकून हा सांधा पाहावा. बांधणाऱ्याने काय विचार केला आहे ते तिथे कळते.

चेक कंपनी टाट्राने हा प्रश्नच वेगळ्या बाजूने सोडवला. हान्स लेडविंका यांनी १९२३ मध्ये टाट्रा ११ या मोटारीत शिडीऐवजी मधोमध एक जाड नळी घातली आणि तिला दोन्ही बाजूंना हलते अर्ध-अॅक्सल जोडले. टाट्राचे ट्रक आजही याच कण्यावर उभे असतात. नळी जवळजवळ पिळत नाही, म्हणून घर तिच्यावर बरेच सरळ बसवता येते. बांधकामाच्या दृष्टीने मला ही सर्वांत सुंदर मांडणी वाटते. पण टाट्राचे सुटे भाग मर्सिडीजइतके जगभर मिळत नाहीत, आणि दूरच्या प्रवासात हा मुद्दा सौंदर्यावर मात करतो.

भिंती, चाके, इंधन

घराच्या भिंती सँडविच पद्धतीच्या असतात: बाहेर-आत फायबरग्लासची कातडी आणि मध्ये पाच-सहा सेंटिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम. तक्ते स्क्रूने न जोडता चिकटवतात, कारण भिंतीतून आरपार गेलेला प्रत्येक धातूचा तुकडा थंडी आत आणतो. उणे तापमानात त्याच जागी बाष्प साचते आणि बुरशी धरते. पाण्याच्या टाक्या चासीला न लटकवता उबदार घरातच ठेवतात, नाहीतर हिवाळ्यात त्या गोठतात.

मागच्या बाजूला ट्रकला असतात तशी जोडचाके इथे काढून टाकतात. पुढे-मागे एकेरीच, पण मोठी आणि रुंद चाके बसवतात. पुढच्या चाकाने दाबलेल्या वाळूवरूनच मागचे चाक जाते, त्यामुळे ओढायला ताकद कमी लागते. शिवाय जोडचाकांच्या फटीत दगड अडकण्याचा प्रश्न उरत नाही. वाळूत शिरण्याआधी टायरातली हवा रस्त्यावरच्या दाबाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत उतरवतात. टायर पसरतो, वजन मोठ्या जागेवर वाटले जाते आणि दहा-बारा टनांचा ट्रक रुतत नाही. मोठ्या ट्रकांना लागणारे १४.०० आर २० मापाचे एक चाक रिमसकट शंभर किलोंहून जड भरते, म्हणून स्टेपनी उतरवायला मागे छोटी क्रेन किंवा विंच लागतेच.

इंधनाबाबत बहुतेकांचा कल एकाच गोष्टीकडे असतो, डिझेलकडे. गॅस सिलिंडरचे जोड देशागणिक बदलतात, डिझेल मात्र सगळीकडे मिळते. खोली तापवणे, पाणी गरम करणे, काही वेळा शेगडीसुद्धा डिझेलवर चालते. बाकीचे छतावरच्या सोलर पॅनेलवर आणि लिथियम बॅटरीवर. उंचीवर हे हीटर कुरकुरतात. हवा विरळ झाली की इंधन नीट जळत नाही आणि काजळी धरते, म्हणून लडाख किंवा अँडीजला जाणाऱ्याने उंचीनुसार इंधन कमी करणारा हीटर घ्यावा लागतो. इंजिनाची अडचण त्याहून मोठी. युरो ६ या युरोपीय प्रदूषण-मानकाच्या आधुनिक इंजिनांना गंधक जवळजवळ नसलेले डिझेल लागते आणि आफ्रिकेच्या मोठ्या भागात ते मिळत नाही. जाणते प्रवासी त्यामुळे जुन्या मानकाची चासी शोधत फिरतात. भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ इंधन आल्यामुळे ही चिंता इथे नाही.

वाटेवरची पूर्वपीठिका

सित्रोएन कंपनीने १९३१-३२ मध्ये बैरूतहून पेकिंगला मोहीम नेली. मागे रबरी पट्टे असलेल्या तिच्या गाड्यांपैकी दोन श्रीनगरहून गिलगितकडे हिमालय ओलांडून गेल्या, काही ठिकाणी सुट्या करून माणसांच्या पाठीवरून. १९५५-५६ मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे सहा तरुण दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून सिंगापूरला पोहोचले; भारतातून पुढे त्यांनी आसामातल्या लेडोहून निघणारा युद्धकाळातला रस्ता धरला होता. या गाड्यांत झोपता येत होते इतकेच. गाडीलाच घर करण्याच्या दिशेने पुढचे पाऊल चेक प्रवासी यिर्झी हान्झेल्का आणि मिरोस्लाव्ह झिकमुंड यांनी टाकले. १९५९ ते १९६४ या काळात टाट्रा ८०५ या लहान लष्करी ट्रकांचे राहण्या-कामाच्या गाड्यांत रूपांतर करून ते आशियाभर हिंडले, भारतातही आले.

साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली असे टप्पे घेत युरोपातले तरुण जुन्या बस आणि व्हॅन हाकत गोव्याच्या किनाऱ्यावर उतरत. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट मोडली. जर्मनांचा ओढा याच सुमारास सहाराकडे वाढला. तिथे गोल नाकाचे जुने मर्सिडीज ट्रक पुन्हा रस्त्यावर आले. टेल्कोने १९५४ मध्ये डाइमलर-बेन्झशी करार करून बनवलेले आपले ओळखीचे गोल नाकाचे ट्रक याच घराण्यातले.

युनिमॉग या मर्सिडीजच्या उंच, फोर-व्हील ड्राइव्ह ट्रकचा उगम शेतातला. अल्बर्ट फ्रीडरिश यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर शेतकामासाठी त्याची आखणी केली आणि पहिल्या नमुन्यांच्या चाकांमधले अंतर १,२७० मिलिमीटर ठेवले, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींइतके. १९५१ पासून तो डाइमलर-बेन्झकडे आला. त्याचा अॅक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर असतो, त्यामुळे पोटाखालून मोठे दगड सहज जातात. सैन्याने निकाली काढलेल्या युनिमॉगवर स्वतः घर बांधणाऱ्यांची जर्मनीत मोठी परंपरा आहे आणि व्यावसायिक बांधणीकार त्याच परंपरेतून वर आले.

बांधणीकार

ऑस्ट्रियात झाल्फेल्डनची अॅक्शन मोबिल आणि जर्मनीत कार्ल्सरूहेच्या परिसरातली युनिकॅट ही या धंद्यातली मानाची नावे. दोघीही एमएएन आणि मर्सिडीजच्या चार, सहा, आठ चाकी चासींवर गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार एकेक वाहन घडवतात. म्युनिकजवळची बीमोबिल १९७७ पासून तुलनेने लहान आणि हलकी कॅम्पर बनवते. युरोपातला हा सगळा बाजार बाड किसिंगन या गावी दरवर्षी भरणाऱ्या आबेन्टॉयर उंड आलराड या मेळ्यात एकत्र पाहायला मिळतो. अमेरिकेत तेच काम २००९ पासून ओव्हरलँड एक्स्पो करतो.

अमेरिकेची अर्थरोमर बिल स्वेल्स यांनी १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू केली. फोर्ड एफ-५५० ही तिथे रुग्णवाहिका आणि टो-ट्रकसाठी सर्रास वापरली जाणारी चासी त्यांनी निवडली, मागची जोडचाके काढून मोठी एकेरी चाके लावली आणि गॅस सिलिंडर पूर्ण वगळला. पुढे घराची पेटी कार्बन फायबरची झाली आणि एफ-७५० वर त्याहून मोठे मॉडेल आले. किंमत पाच लाख डॉलरच्या पुढे सुरू होते, मोठ्या मॉडेलची त्याच्या दुप्पटतिप्पट. कामाचा दर्जा वादातीत आहे. तरी अमेरिकेबाहेर फोर्डचा हा ट्रक ओळखणारा मेकॅनिक दुर्मीळ, आणि स्वच्छ डिझेलवरच चालणारे इंजिन घेऊन कांगो ओलांडणे अवघड. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या अर्थक्रुझरने उलट वाट धरली: जपानी फुसोची छोटी, जगभर दिसणारी चासी, आणि छप्पर खाली केल्यावर मालवाहू कंटेनरमध्ये मावेल एवढे घर. समुद्र ओलांडताना वाहन कंटेनरमध्ये कुलूपबंद जाणे आणि जहाजाच्या उघड्या पोटात अनोळखी हातांत जाणे, यातला फरक ज्यांच्या गाडीतून सामान चोरीला गेले आहे त्यांना विचारावा.

या धंद्याची दिशा मोठेपणाकडे चालली आहे आणि ती मला चुकीची वाटते. वॉशिंग मशीन, दोन फ्रिज, मागे मोटरसायकल ठेवायचे गॅरेज असे करता करता वजन पंधरा-वीस टनांवर जाते. मग गावातला लाकडी पूल पेलत नाही, घाटातले वळण बसत नाही, विजेच्या तारा छताला लागतात. गुंथर होल्टोर्फ या जर्मन प्रवाशाने १९८८ पासून २०१४ पर्यंत एका साध्या मर्सिडीज जी-क्लासमध्ये झोपून सुमारे नऊ लाख किलोमीटर प्रवास केला. ती गाडी मर्सिडीजच्या संग्रहालयाने ठेवून घेतली.

भारतात

भारतात मोटर-कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि अशा वाहनांची तपासणी करणाऱ्या संस्थांत पुण्याची एआरएआय अग्रगण्य आहे. हौशी माणसाने जुना ट्रक घेऊन स्वतः घर बांधायचे म्हटले तर मात्र मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. जर्मनीत ज्या हौशी परंपरेतून हा उद्योग उभा राहिला, तिला इथे कायद्याने जागाच ठेवलेली नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणले, पण त्याचा रोख तळ आणि भाड्याच्या गाड्या यांवर आहे. सामग्रीची वानवा नाही: पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफरेन्शियल लॉक (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारी कळ) येतात, आणि ट्रकची बॉडी बांधणारे कसबी हात महामार्गांच्या कडेने गावोगाव आहेत.

परदेशी वाहन आत आणायला किंवा आपले बाहेर न्यायला कार्नेट लागते. वाहन परत नेले जाईल, विकले जाणार नाही, याची ती सीमाशुल्क खात्याला दिलेली हमी. भारतीय प्रवाशांना ती मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते आणि त्यासाठी मोठी रक्कम अनामत ठेवावी लागते. युरोपातून येणाऱ्यांची पाकिस्तानमार्गे नेहमीची वाट वाघा-अटारीची होती. २०२५ च्या एप्रिलअखेर ती सीमा बंद झाली, तेव्हापासून भारत गाठायचा तर तिबेट-नेपाळमार्गे फिरून यावे लागते, नाहीतर ट्रक जहाजावर चढवावा लागतो.